वल्लमच्या माळावरचं विमान

गुरुमूर्तीच्या घरात पहिली थप्पड कशावरून बसेल याचा नेम नसे. काफी गार झाली म्हणून बसे, फार गरम झाली म्हणूनही बसे. लढाईवरून परतल्यावर त्यानं ते विमान बांधायला घेतलं आणि तेव्हापासून मारामागे निदान कारण तरी असू लागलं. तार उलटी जोडली, मार. बॅटरी उन्हात ठेवली, मार. त्याची बायको चंद्रमती मनात म्हणायची, चला, आता कशासाठी बसली ते तरी कळतं. हसू नका. जिच्या नशिबी रोजचाच मार असतो ती बाई असलंही समाधान मानून घेते.

तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. घरात माणसं तीनच, ही दोघं नवराबायको आणि गुरुमूर्तीचा धाकटा भाऊ सेतुमाधव. गुरुमूर्ती लढाईत सरकारच्या हवाई दलात वायरलेस मेकॅनिक होता. तिथे तोफांच्या सरावासाठी बिनमाणसाची विमानं उडवत, जमिनीवरच्या पेटीतून वायरलेसनं वळवत. ते बघून हा माणूस खुळावला. पुढे ब्रह्मदेशाच्या वाटेवर एक बॉम्ब जवळ फुटला आणि त्याचा उजवा हात थरथरायला लागला तो कायमचाच. घास तोंडाशी नेताना निम्मा भात पानात परत पडायचा. मारायला मात्र तोच हात बरोबर चालायचा. उगारताना कधी थरथरला नाही मेला.

लढाई संपली, पलटणीतून मोकळा झाला, आणि भंगारात निघालेले व्हॉल्व्ह, तारा, बॅटऱ्या गोळा करून त्यानं स्वतःची पेटी बांधली. विमान बांबूच्या कामट्यांचं, दोन्ही हात पसरले तर त्याहून लांब पंखांचं, नाकाशी पेट्रोलचं छोटं इंजिन. पंखांवर चढवायला रेशीम हवं होतं. त्यानं चंद्रमतीचं लग्नातलं लुगडं काढलं आणि तिच्यादेखत टरकावलं. विचारणं वगैरे त्या घरात नव्हतंच. विमान देखणं झालं, हे मात्र तिलाही कबूल करावं लागलं.

आता सेतूचं. चंद्रमती लग्न होऊन आली तेव्हा सेतू रांगत होता आणि सासू देवाघरी गेलेली. तिनंच त्याला भरवलं, तिनंच तेल चोळून न्हाऊ घातलं, पोटचं मूल झालं नाही तर हाच पोटचा झाला. पोरगा मोठा झाला तो मृदंगावर हात टाकतच. पापनाशमचे सुब्रमण्यम म्हणून गुरू होते, भलते कडक, कुणाला सहसा चांगलं न म्हणणारे. तेसुद्धा म्हणाले, ह्याला मी मद्रासला माझ्याबरोबर बसवतो. पहिली सभा, म्हणजे मैफल, ठरली होती. त्याच आठवड्यात निघायचं होतं. गुरूंनी सेतूला एवढंच बजावलं होतं, हात सांभाळ बाबा, बाकी मी बघतो.

म्हणून चंद्रमतीचा जीव त्या दोन पंजांत अडकला होता. पोरगा गाडीत बसेपर्यंत त्याचे हात धड राहिले पाहिजेत, मग आपलं काय व्हायचं ते होवो. कारण गुरुमूर्ती चुकीला शिक्षा करायचा ती बोटांवरच. त्याला सैन्यात तसंच शिकवलं होतं म्हणे. पट्टी घ्यायची आणि आडवी नाही, उभी मारायची.

आणि गुरुमूर्तीला सेतूचंच बोट हवं होतं. का ते ऐका. त्या विमानाला काही मोटारीसारखं चाक नव्हतं. पेटीला लांब वायर, वायरच्या टोकाला एकच बटण. बटण दाबून धरलं की विमानाचं शेपूट डावीकडे वळायचं. सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की आता उजवीकडे. सोडलं की सरळ. पुढची पाळी डावीची की उजवीची हे विमान सांगत नाही, उडवणाऱ्यानंच ध्यानात ठेवायचं. थरथरत्या अंगठ्याखाली बटण एकदा दाबायचं तर दोनदा दबे आणि सगळी पाळी उलटीपालटी होई. सेतूचं बोट मात्र हिऱ्यासारखं पक्कं. पाळी ध्यानात ठेवायची युक्तीही त्यानंच काढली. तोंडातल्या तोंडात बोल म्हणायचा, त, क, धि, मि. 'त'वर डावं, 'क'वर सोड, 'धि'वर उजवं, 'मि'वर सोड. एवढ्या दिवसांत एकदाही चुकला नाही.

नियम गुरुमूर्तीचे कडक होते, आणि खरं सांगायचं तर नियम चांगले होते. आधी जमिनीवरची पेटी सुरू करायची, मगच विमानातला रिसीव्हर. बंद करताना उलट, आधी विमान, मग पेटी. कारण पेटी गप्प असली की विमान हवेतलं काहीबाही ऐकून आपल्या मनानं शेपूट हलवतं, आणि अशा वेळी इंजिन चालू असेल तर कुणाचा तरी जीव जायचा. उडवायच्या आधी लांबवर नेऊन बघायचं, हुकूम पोचतो का. हे काम चंद्रमतीचं. ती विमान कडेवर घेऊन, विमानावरच्या तारेला हात न लावता, माळावर दूरवर चालत जायची, सेतू बटण दाबायचा, ती हात करून सांगायची, डावं वळलं, उजवं वळलं. फिरत्या पंख्यासमोर उभं राहायचं नाही. माणसांवरून, गुरांवरून विमान न्यायचं नाही. सगळं शहाणपणाचं. पण शेवटचा एक नियम होता, एरियल उभी असताना गुरुमूर्तीशिवाय कुणी ब्र काढायचा नाही. एकदा चंद्रमती एवढंच म्हणाली होती की अहो, गाय आली. गाय खरंच आली होती. तरी तिच्या कानाखाली अशी बसली की संध्याकाळपर्यंत त्या कानानं ऐकू येत नव्हतं. पुढे गाय येवो की वाघ, ती आणि सेतू तोंडाला कुलूप लावून उभे राहायचे.

विमानतळावरच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याला गुरुमूर्तीनं गाठलं. असल्या पेटीला सरकारचा परवाना लागे, आणि परवान्याबरोबर नोकरीही मिळेल अशी त्याला आशा. साहेब म्हणाला, उडवून दाखव, मग बोलू. दिवस ठरला तो नेमका सेतू गुरूंकडे पापनाशमला, तिथून मद्रासला जायचा दिवस. सकाळी विमान, दुपारी गाडी.  देवापाशी चंद्रमतीनं परवाना मागितला नाही, नोकरी मागितली नाही. एवढी सकाळ सरू दे म्हणाली.

तै महिना होता, म्हणजे आपला पौष-माघ. कापणी झालेली, ऊन कोवळं, वारा नाही. वल्लमच्या रस्त्याला लागून तो तांबडा माळ, मधे चिटपाखरू नाही. साहेब मोटारीतून आला, झाडाखाली उभा राहिला, सिगारेट पेटवली. गुरुमूर्तीनं लष्करी टोपी घातली होती. तो हात पसरायचा आणि चंद्रमती त्या हातात हवी ती वस्तू ठेवायची. पक्कड म्हटलं की पक्कड. तार म्हटलं की तार. मोगरी म्हटलं की मोगरी. लाकडी मोगरीनं त्यानं खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणून एरियलचा बांबू उभा केला. पेटी सुरू झाली. घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा हलला, मग गुरुमूर्तीनं फिरकी अलगद फिरवून तो जागेवर आणला. त्यानंतर विमानातला रिसीव्हर. चंद्रमती विमान घेऊन लांब गेली, शेपूट डावीउजवीकडे वळल्याची खूण केली, परत आली. साहेबानं मान डोलावली. नियमात तसूभर चूक नव्हती.

इंजिन पेटलं. गुरुमूर्तीनं धावत जाऊन विमान सोडलं आणि ते चढलं. काय सांगू, चढलं ते असं की चंद्रमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं लग्नातलं लुगडं आभाळात उडत होतं. सेतूचे ओठ हलत होते, बोट हलत होतं, विमान डावीकडे झुकून मोठा फेरा घेत होतं. साहेबानं सिगारेट टाकून दिली आणि टाळी वाजवली. गुरुमूर्ती हसला. बायकोनं त्याला हसताना बघितलं त्याला वर्षं झाली होती.

तेवढ्यात तिला वाजंत्री ऐकू आली.

वल्लमकडून लग्नाची वरात येत होती. पुढे सनईसारखं नागस्वरम, मागे गळ्यात अडकवलेला ढोल, तविल, त्यामागे सजवलेल्या बैलगाडीत नवरानवरी आणि चालणारं गोत. तविलवाला कोण होता देव जाणे, पण हात त्याचा कसबी होता. एका हाताला काठी, दुसऱ्या हाताच्या बोटांना टोपणं, आणि असा काही कडकडाट की माळावरचे दगडही मान डोलावतील. चंद्रमतीनं झटकन सेतूकडे बघितलं. बघायचीही गरज नव्हती. ह्या पोराला तिनं वाढवलं होतं. देवळात तविल वाजलं की जेवता जेवता ह्याची बोटं पानावर ताल धरायची, बायका सडा घालताना बादली वाजली तरी झोपेत मांडीवर थाप पडायची. तंजावुरातल्या मृदंगवाल्याला वाजतं तविल ऐकून बोट गप्प ठेवायला सांगणं म्हणजे पाण्याला वर चढ म्हणण्यासारखं.

तिला सगळं कळलं. थांबवा, वाजंत्री जाऊ द्या, इतकंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं. एरियल उभी होती. गुरुमूर्तीची पाठ तिच्याकडे होती, तरी तिचा हात आपसूक कानाकडे गेला आणि तोंड मिटलं. इथे मला त्या बाईचा राग येतो. मग वाटतं, राग तिच्यावर काय म्हणून काढायचा, ज्यानं तिचं तोंड शिवून ठेवलं होतं तो तिथेच समोर उभा होता की. सेतूही काही बोलला नाही. त्यालाही आपलं बोट ओढलं जातंय हे कळत असणार. कपाळावर घाम आला होता त्याच्या.

तविलनं समेवर नेणारा मोहरा घेतला, सम आली, आणि सेतूच्या बोटानं बटणावर एक टिचकी दिली. एवढीशीच. विमानानं शेपूट हलवल्याचं दिसलंसुद्धा नाही. पण पाळी उलटली. पुढच्या 'त'वर त्यानं डावीसाठी दाबलं आणि विमान उजवीकडे, रस्त्याकडे वळलं.

तरी सावरता आलं असतं. सोडून पुन्हा दाबायचं, बस. पण विमान उलटीकडे जाताना बघून पोरगा घाबरला आणि उधळल्या बैलाची वेसण खेचावी तसा बटण दाबूनच बसला. "सोड," गुरुमूर्ती ओरडला. "सोड म्हणतो ना." सेतूनं सोडलं नाही. बटण दाबूनच धरलं की विमान फेरा आवळत नाक खाली घालतं. तसंच झालं. गिरक्या घेत, किंचाळत ते वरातीवर आलं.

नवरीच्या गाडीच्या उजव्या बैलाच्या मानेवर आदळलं. पंखा तेव्हा चालू होता. रक्ताची चिळकांडी तविलवाल्याच्या पांढऱ्या वेष्टीवर, धोतरावर उडाली, बैल हंबरला आणि जोखडासकट धावला, गाडी आडवी झाली, नवरी खड्ड्यात, नवरदेव चाकाखाली. लोक ओरडत पळत सुटले. नवरदेवाला बाहेर काढलं तेव्हा त्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. जीव कुणाचा गेला नाही, ही देवाची कृपा. बैल मात्र शेतात जाऊन पडला आणि पाय झाडत झाडत थांबला.

साहेब धावत गेला, जखमी नवरदेवाला त्यानं स्वतःच्या मोटारीत घातलं. जाता जाता गुरुमूर्तीला म्हणाला की ही पेटी आज संध्याकाळच्या आत ठाण्यात जमा झाली पाहिजे आणि पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. मोटार गेली. तिच्यामागे वरातीतली माणसंही गावाकडे धावली. काहीजण बैलापाशी राहिले, त्यांचं इकडे लक्ष नव्हतं. माळावर ही तिघंच उरली.

चंद्रमती सवयीनं आवरायला लागली. करायचं काय दुसरं? तिनं पेटी बंद केली, मोगरी उचलली आणि खुंट्या सैल करायला वाकली. मागे पहिली लाथ बसल्याचा आवाज आला. सेतू पोटावर आडवा पडला होता आणि गुरुमूर्ती बुटानं त्याच्या बरगड्या तुडवत होता, एक शब्द न बोलता. टोपी पडली होती. सेतूनं दोन्ही पंजे काखेत दाबून धरले होते, तोंडावर लाथ आली तरी पंजे बाहेर काढले नाहीत. नाकातून रक्त येऊन मातीत मिसळत होतं.

"हात काढ," गुरुमूर्ती म्हणाला.

"अण्णा, पाठीवर मारा. डोक्यावर मारा. हात नको."

"हात काढ. त्या हातानंच माझं वाटोळं केलं."

त्यानं सेतूच्या पाठीत गुडघा रोवला, उजवा हात कोपरापाशी पिरगाळून ओढून काढला आणि पेटीच्या लोखंडी झाकणावर पंजा पालथा पसरला. मनगटावर स्वतःचा बूट ठेवला. सेतू आता रडत नव्हता, विनवतही नव्हता. त्यानं फक्त वैनीकडे बघितलं. लहानपणी विंचू चावला होता तेव्हा असंच बघितलं होतं त्यानं. तेव्हा तिला काहीतरी करता आलं होतं.

गुरुमूर्तीनं मागे न बघता उजवा हात पसरला.

"मोगरी," तो म्हणाला.

चंद्रमतीच्या हातात मोगरी होती. सकाळपासून तो हात पसरत होता आणि ती देत होती. सकाळपासून कसलं, लग्न झाल्यापासून. काठी मागितली, काठी दिली होती. चुलीतलं कोलीत मागितलं, तेही दिलं होतं, स्वतःच्याच अंगावर चटके घ्यायला. हात तिच्यासमोर थरथरत होता, तळवा वर, बोटं अर्धवट मिटलेली. तिला भीती वाटली नाही, हे तिला स्वतःलाच नवल वाटलं. राग आला होता. इतका की डोळ्यांसमोर माळ दिसेना, तो एक हात तेवढा दिसत होता.

तिनं मोगरी दोन्ही मुठींत धरून डोक्याच्या वर नेली आणि त्या मनगटावर घातली.

हाड मोडलेलं ऐकू आलं. गुरुमूर्ती ओरडला नाही, त्याला आधी कळलंच नाही. त्यानं लोंबणाऱ्या हाताकडे बघितलं, मग बायकोकडे. पाय सेतूच्या मनगटावरून निसटला आणि तो मातीत बसला. सेतू सरपटत बाजूला झाला, पंजा छातीशी धरून, बोटं एकेक हलवून बघत. पाचही हलली. चंद्रमतीनं ती हलताना नीट बघितली. म्हणजे काम झालं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गुरुमूर्तीनं तिच्या हातातली मोगरी बघितली आणि डावं कोपर वर करून डोकं झाकून घेतलं, गुडघे पोटाशी. तसं बसायचं तिला चांगलं माहीत होतं. कोपर किती वर ठेवायचं, मान किती आत ओढायची, सगळं तिला माहीत होतं. हा माणूस इतकी वर्षं वरून बघत होता त्याला काय दिसत असेल, ते तिनं आज पहिल्यांदा बघितलं. खरं सांगते, तिला बरं वाटलं. मग तिनं मोगरी पुन्हा उचलली आणि त्याच्या खांद्यावर घातली. तो कळवळून आडवा पडला.

तिसरा फटका मारला नाही. सेतूनं उठून तिचे दोन्ही दंड धरले होते, पण त्यानं धरले म्हणून नव्हे. तिला नको होता.

बैलापाशी कुणीतरी मोठ्यानं रडत होतं. सेतूनं उपरण्यानं स्वतःचं नाक पुसलं, मग तेच उपरणं घेऊन भावाच्या हाताला बांधायला बसला. गाठ आवळली. त्यानं वर बघितलं ते अगदी परक्या बाईकडे बघावं तसं.

"वैनी, मी सुटलो होतो," तो म्हणाला. "दुसरा कशाला मारलात?"

"पहिला तुझ्यासाठी होता," चंद्रमती म्हणाली. "दुसरा माझा."

 सेतूला बोलायला तिनं वेळ दिला नाही. घरी जा, तोंड धू, मृदंग घे आणि नीट स्टेशनावर जा, असं तिनं सांगितलं. गुरूंनी विचारलं तर बैलगाडीवरून पडलो म्हण. तो गेला. दोनदा मागे वळून बघत गेला, पण गेला.

मग तिनं पदर खोचला, मोगरी डाव्या हातात घेतली आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली.

तो उठला.